सोनोग्राफी : शास्त्र, परिभाषा आणि जबाबदारी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ एक येतात. या मार्गावरील पोलादी रुळाच्या पोटात एखादी बारीक भेग पडली असेल, तर ती वरून पाहून दिसत नाही. अशी भेग शोधण्यासाठी भारतीय रेल्वे मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग करते. रुळावरून ढकलत न्यावयाच्या लहानशा गाडीतून हा ध्वनी पोलादात सोडला जातो आणि भेगेवर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तिची जागा समजते. रासायनिक कारखान्यांतील टाक्यांची व नळांची भिंत आतून किती झिजली, हे टाकी न उघडता तपासण्याची रीतही हीच आहे.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील खरवई हे मूळचे गाव आज कारखाने आणि नव्या वसाहती यांच्या शेजारी उभे आहे. तेथील एखादी गर्भवती स्त्री तपासणीसाठी दवाखान्यात जाते, तेव्हा डॉक्टर ज्या यंत्राने तिच्या पोटातील बाळाची वाढ पाहतात, ते यंत्रही याच तत्त्वावर चालते. त्या तपासणीस सर्वत्र सोनोग्राफी असे म्हटले जाते. तपासणी होते, चित्रे छापली जातात आणि इंग्रजी अहवालाचा कागद घरी येतो. घरात तो कोणास नीट वाचता येत नाही. मग तो शाळेतील गुरुजींकडे, आशा कार्यकर्तीकडे किंवा गावातील जाणत्या सदस्याकडे नेला जातो. अशा वेळी त्या कागदावरील चार मुख्य शब्दांचा अर्थ सांगता आला आणि यंत्र काय दाखवू शकते व काय दाखवू शकत नाही हे समजावता आले, तर अनेक भीती व अनेक गैरसमज जागीच दूर होतात. या तपासणीचे शास्त्र आणि तिची परिभाषा सामान्य कार्यकर्त्यास माहीत असणे त्यासाठीच अगत्याचे आहे.

ऐकू न येणारा ध्वनी

ध्वनी म्हणजे पदार्थातून पुढे सरकणारे कंपन होय. हवेत, पाण्यात किंवा शरीराच्या मांसात ध्वनी जातो, तेव्हा तेथील कण आळीपाळीने दाटतात आणि विरळ होतात. एका सेकंदात असे किती वेळा घडते, त्या संख्येस कंप्रता म्हणतात. ती हर्ट्झ या एककात मोजतात. मनुष्याला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंप्रतेच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी असे नाव आहे. संध्याकाळी घराभोवती घिरट्या घालणारी कीटकभक्षक वटवाघळे असाच ध्वनी काढतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंधारात आपले भक्ष्य हेरतात.

रोगनिदानासाठी वापरला जाणारा ध्वनी त्याहीपेक्षा पुष्कळ वरच्या कंप्रतेचा असतो. तो बहुधा २० लाख ते दीड कोटी हर्ट्झ, म्हणजेच २ ते १५ मेगाहर्ट्झ, एवढा असतो. एवढी मोठी कंप्रता घेण्याचे कारण तरंगलांबीत आहे. लागोपाठच्या दोन दाट थरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. ध्वनीच्या वेगास कंप्रतेने भागले की ती मिळते. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सरासरीने दर सेकंदास १,५४० मीटर वेगाने जातो. त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी शरीरात अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी भरते. ज्या तरंगाची लांबी मोठी, त्याला बारीक वस्तू ओळखता येत नाहीत. कानाला ऐकू येणारा ध्वनी वापरला असता, तर हाताएवढे बाळही त्याला वेगळे ओळखता आले नसते.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे इष्ट आहे. सोनोग्राफी म्हणजे क्ष-किरणांची तपासणी नव्हे. क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात आणि पलीकडे छाया पाडतात. सोनोग्राफीत ध्वनी आत जातो व परत येतो. त्या परतीच्या ध्वनीवरून चित्र रचले जाते. म्हणून या चित्रास छायाचित्र म्हणणेही शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. ते प्रतिध्वनींचे मोजमाप असते.

स्फटिकापासून दवाखान्यापर्यंत

एवढ्या वरच्या कंप्रतेचा ध्वनी निर्माण करण्याचे गमक एका विशिष्ट स्फटिकाच्या गुणधर्मात आहे. १८८० साली फ्रान्समधील झाक आणि पिएर क्युरी या बंधूंना असे आढळले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार निर्माण होतो. या गुणास दाबविद्युत् म्हणतात. याच्या उलट क्रियाही घडते. स्फटिकास विद्युत् दाब दिला की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. अर्थात एकच स्फटिक विजेचे रूपांतर ध्वनीत आणि ध्वनीचे रूपांतर विजेत करू शकतो. तो बोलतोही आणि ऐकतोही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखालील पाणबुड्यांचा वेध घेण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. पुढे श्राव्यातीत ध्वनीच्या मूलभूत अभ्यासात भारतीयांनीही मोलाची भर घातली. अशा ध्वनीने भारलेल्या द्रवातून प्रकाश जाताना त्याचे विवर्तन कसे होते, याची उपपत्ती सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ च्या सुमारास मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वैद्यकात या ध्वनीला भक्कम स्थान मिळाले ते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांनी पोटातील गाठींची ध्वनीच्या साहाय्याने केलेली तपासणी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ग्लासगो हे जहाजबांधणीचे शहर होते आणि धातूतील दोष शोधण्याची ध्वनियंत्रे तेथील उद्योगांत वापरात होती. डोनाल्ड यांनी आपले आरंभीचे प्रयोग अशाच यंत्रावर केले. रुळातील भेग आणि गर्भातील बाळ यांच्या तपासणीचे नाते असे इतिहासातही आहे.

आजच्या यंत्राचा जो भाग डॉक्टर रुग्णाच्या अंगावर फिरवतात, त्यास प्रोब म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला ऊर्जापरिवर्तक म्हणता येईल. त्यात दाबविद्युत् गुणाच्या कृत्रिम पदार्थाचे शंभरावर बारीक घटक ओळीने बसवलेले असतात. पोटाच्या तपासणीसाठी वक्राकार प्रोब, तर त्वचेजवळच्या भागांसाठी सरळ प्रोब घेतात.

अंतर मोजण्याची रीत

मलंगगडाच्या डोंगररांगेसमोर उभे राहून कोणी हाक मारली आणि प्रतिध्वनी दोन सेकंदांनी ऐकू आला, तर कडा किती दूर आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. दोन सेकंदांत ध्वनी ६८० मीटर चालला. त्यात जाणे आणि येणे दोन्ही आले. म्हणून कडा ३४० मीटरवर आहे.

सोनोग्राफीचे गणित नेमके हेच आहे. प्रोब ध्वनीचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा ठोका शरीरात सोडतो आणि मग गप्प राहून ऐकत बसतो. एकूण वेळेपैकी ध्वनी सोडण्यात एक टक्काही वेळ जात नाही. बाकी सर्व वेळ ऐकण्याचा असतो. शरीरातील १ सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी परत येतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. प्रतिध्वनीस १३० मायक्रोसेकंद लागले, तर तो १० सेंटिमीटर खोलीवरून आला असे यंत्र ठरवते. एका ठोक्यातून चित्राची एक रेघ मिळते. अशा शेदोनशे रेघा शेजारीशेजारी मांडल्या की एक पूर्ण चित्र होते आणि सेकंदाला अशी पंचवीस-तीस चित्रे तयार झाली की बाळाचे हात-पाय पडद्यावर हलताना दिसतात.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे. ध्वनीचा वेग सर्वत्र १,५४० मीटरच आहे, असे यंत्र धरून चालते. प्रत्यक्षात चरबीत तो सुमारे १,४५० मीटर, स्नायूत सुमारे १,५८० मीटर आणि हाडात ३,५०० मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे मोजमापात थोडा फरक पडणे स्वाभाविक असते. यंत्राचा आकडा हा उत्तम अंदाज असतो. तो दगडावरची रेघ नसतो.

संरोध : प्रतिध्वनी कोठून येतो?

ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना त्याचा काही भाग मागे फिरतो. किती भाग फिरेल, हे दोन्ही पदार्थांच्या ध्वनिसंरोधावर अवलंबून असते. पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे त्याचा ध्वनिसंरोध. दोन पदार्थांच्या संरोधांत जितका फरक जास्त, तितका प्रतिध्वनी जोरदार.

चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून केवळ एक टक्क्याच्या आसपास ध्वनी परत येतो. उरलेला पुढे जातो आणि आणखी खोलवरच्या भागाची वार्ता आणतो. मऊ मांस आणि हाड यांच्या सीमेवर सुमारे ४० टक्के ध्वनी परततो व उरलेला बहुतेक हाडात शोषला जातो. मांस आणि हवा यांच्या सीमेवर तर ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी मागे फिरतो, पुढे जवळजवळ काहीच जात नाही.

दवाखान्यातील अनेक सूचनांचा उलगडा या एका नियमाने होतो. पोटावर लावला जाणारा थंड, चिकट पदार्थ म्हणजे औषध नव्हे. प्रोब आणि कातडी यांच्यामधील हवा काढून टाकणारा तो पाणीदार लेप असतो. तो नसेल तर ध्वनी कातडीवरूनच परत जाईल. गर्भारपणाच्या आरंभीच्या तपासणीसाठी पुष्कळदा पाणी पिऊन मूत्राशय भरून येण्यास सांगतात. भरलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि ध्वनीस आत जाण्यासाठी जणू खिडकी उघडून देते. पित्ताशयाच्या तपासणीसाठी उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावते. निरोगी फुफ्फुसात हवा आणि कवटीत हाड असल्याने मोठ्या माणसाच्या या अवयवांच्या अंतर्भागासाठी ही तपासणी फारशी उपयोगी पडत नाही. ‘सोनोग्राफी केली म्हणजे सगळे शरीर पाहिले’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

क्षीणन : खोली की बारकावा?

शरीरातून जाताना ध्वनीची शक्ती कमी कमी होत जाते. काही भाग शोषला जाऊन त्याची उष्णता होते, काही इतस्ततः विखुरतो. या घटीस क्षीणन म्हणतात आणि ते डेसिबेलमध्ये मोजतात. मऊ भागांत प्रत्येक सेंटिमीटरला, प्रत्येक मेगाहर्ट्झमागे, सुमारे अर्धा डेसिबेल घट होते. यावरून हिशेब केला तर ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी १० सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत ३५ डेसिबेलने, म्हणजे मूळ तीव्रतेच्या सुमारे तीन हजाराव्या भागापर्यंत, क्षीण होतो. हीच वाटचाल १० मेगाहर्ट्झच्या ध्वनीने केली तर घट १०० डेसिबेल, म्हणजे एक हजार कोटींचा एक भाग इतकी होईल.

तात्पर्य, कंप्रता वाढवावी तर चित्र बारीक पण उथळ. कंप्रता कमी करावी तर ध्वनी खोल जातो पण बारकावा घटतो. म्हणून पोट व गर्भ यांसाठी २ ते ५ मेगाहर्ट्झ, तर गळ्यातील ग्रंथी, स्तन किंवा रक्तवाहिन्या अशा जवळच्या भागांसाठी ७ मेगाहर्ट्झ व त्याहून अधिक कंप्रता घेतात. जवळजवळच्या दोन बिंदूंना वेगवेगळे दाखवण्याच्या यंत्राच्या शक्तीस विभेदनक्षमता असे म्हणतात. खोलवरून येणारे दुबळे प्रतिध्वनी यंत्र खोलीच्या प्रमाणात वाढवून घेते. तपासणी चालू असता डॉक्टर बटणे सरकवतात, त्यांपैकी काही याच कामाची असतात. स्थूल व्यक्तीच्या अहवालात ‘चित्र अस्पष्ट’ असा शेरा आढळतो, त्याचे कारणही बहुधा क्षीणन हेच असते.

करड्या चित्राची भाषा

पडद्यावरील नेहमीच्या चित्रास ‘बी मोड’ म्हणतात. त्यात प्रत्येक प्रतिध्वनी ठिपक्याच्या रूपात येतो. प्रतिध्वनी जोरदार असेल तर ठिपका उजळ, दुबळा असेल तर करडा आणि प्रतिध्वनी नसेल तर काळा. यावरूनच अहवालातील तीन शब्द आले आहेत. ‘अ‍ॅनएकोइक’ म्हणजे प्रतिध्वनिरहित; गर्भजल, मूत्र, पित्त असे स्वच्छ द्रव काळे दिसतात. ‘हायपोएकोइक’ म्हणजे आजूबाजूच्या भागापेक्षा कमी प्रतिध्वनी देणारे. ‘हायपरएकोइक’ म्हणजे अधिक प्रतिध्वनी देणारे. हाड, खडा वगैरे. हे तिन्ही शब्द केवळ दिसण्याचे वर्णन करतात. ते रोगाचे नाव नव्हे. असा शब्द वाचून घाबरण्याचे किंवा निश्चिंत होण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ डॉक्टरच लक्षणांशी जुळवून लावतात.

पित्ताशयातील खडा उजळ दिसतो आणि त्याच्या पलीकडे काळा पट्टा पडतो, कारण ध्वनी पुढे गेलेलाच नसतो. या पट्ट्यास ध्वनिछाया म्हणतात. याउलट पाण्याने भरलेल्या गाठीच्या मागचा भाग अधिक उजळ दिसतो, कारण पाण्यात ध्वनी फारसा क्षीण होत नाही. छाया आणि उजाळा या दोन्ही वस्तू शरीरात नसतात. त्या ध्वनीच्या वर्तनाच्या खुणा असतात. अशा आभासी खुणा ओळखणे आणि त्यांचा निदानासाठी उपयोग करून घेणे, यातच तपासणाऱ्याचे कौशल्य असते. प्रोब किंचित तिरका धरला तरी चित्र बदलते. सोनोग्राफीत यंत्राइतकेच ते हाताळणाऱ्याचे शिक्षण महत्त्वाचे आहे, ते यामुळेच.

याखेरीज ‘एम मोड’ हा शब्द अहवालात येतो. त्यात एकाच रेघेवरील हालचाल काळाच्या ओघात नोंदवली जाते. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला किती, हे त्यावरून मोजतात.

डॉप्लर : वाहत्या रक्ताची वार्ता

बदलापूरच्या फलाटावर उभे राहिले असता न थांबता जाणारी गाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून जाताच उतरतो. ऑस्ट्रियातील क्रिस्तियान डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली हा परिणाम मांडला. १८४५ साली हॉलंडमध्ये वाद्य वाजवणाऱ्यांना रेल्वेत बसवून तो पडताळूनही पाहण्यात आला.

रक्तातील तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीचेही असेच होते. रक्त प्रोबकडे येत असेल तर कंप्रता वाढते, दूर जात असेल तर घटते. हा फरक बहुधा ऐकू येण्याजोग्या कंप्रतेचा असतो. त्यामुळे तपासणीच्या खोलीत जो ‘सूं-सूं’ आवाज येतो, तो बाळाच्या हृदयाचा साक्षात आवाज नसून यंत्राने कंप्रतेतील फरकाला दिलेले स्वररूप असते. रंगीत डॉप्लरमध्ये सामान्यतः प्रोबकडे येणारे रक्त तांबडे आणि दूर जाणारे निळे दाखवतात. तांबडे म्हणजे शुद्ध व निळे म्हणजे अशुद्ध रक्त, असा अर्थ करू नये. नाळेतून बाळास रक्तपुरवठा पुरेसा होतो किंवा नाही, हे पाहण्यासाठी ही तपासणी मोलाची आहे.

सुरक्षितता

या ध्वनीत क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणूंचे आयनीभवन करण्याची शक्ती नसते. तथापि तोही ऊर्जेचाच प्रकार असल्याने त्याने अल्पशी उष्णता निर्माण होते. यंत्राच्या पडद्यावर उष्णतेचा आणि यांत्रिक परिणामाचा असे दोन निर्देशांक दाखवलेले असतात. आवश्यक तेवढीच तपासणी, शक्य तितक्या कमी तीव्रतेने व कमी वेळात करावी, हे तत्त्व जगभर मान्य आहे. योग्य रीतीने केलेल्या निदानविषयक सोनोग्राफीमुळे माता वा बालक यांस इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून तपासणीस भिऊ नये. त्याचप्रमाणे हौसेखातर ती पुनःपुन्हा करूनही घेऊ नये.

गर्भवतीचा अहवाल कसा वाचावा?

गर्भवतीच्या अहवालात प्रथम गर्भाचे वय आठवडे व दिवस यांत दिलेले असते. आरंभीच्या महिन्यांत ते बाळाच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरून काढतात. पुढे डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे घेतात. पहिल्या तीन महिन्यांतील अंदाज साधारणपणे पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. शेवटच्या तीन महिन्यांत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या चणीने होऊ लागते. यास्तव आरंभीच्या सोनोग्राफीवरून ठरलेली प्रसूतीची तारीख नंतरच्या अहवालातील वेगळ्या आकड्यामुळे बदलावयाची नसते. पहिला अहवाल हरवला, तर बाळ खरोखरच खुरटले आहे की दिवसच कमी भरले आहेत, हे ठरवणे डॉक्टरांना कठीण जाते. तो कागद माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर जपून ठेवण्यास सांगणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे अतिशय साधे पण उपयुक्त काम आहे.

यानंतर वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण आणि बाळाची स्थिती यांचा उल्लेख असतो. वार गर्भाशयाच्या मुखावर आली असेल, तर प्रसूतीच्या वेळी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. अशा स्त्रीची प्रसूती शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच झाली पाहिजे. मात्र पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढल्यावर पुष्कळदा वर सरकते, म्हणून पुन्हा तपासणीस बोलावतात. बाळ पायाळू असल्याचा शेराही आठव्या-नवव्या महिन्यात महत्त्वाचा ठरतो. त्याआधी बाळ आपली स्थिती बदलत असते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास केलेल्या तपासणीत हृदय, मेंदू, मणका इत्यादींतील मोठी व्यंगे शोधता येतात. सर्वच व्यंगे मात्र दिसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या शिफारशींत प्रत्येक गर्भवतीची २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी, असे सांगितले आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय आरोग्य संस्थांतून गर्भवतींच्या आवश्यक तपासण्या मोफत करण्याची तरतूद असून त्यांत सोनोग्राफीचाही समावेश आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी करण्याची योजना आखण्यात आली. खरवई-बदलापूर पट्ट्यातील कुटुंबांना उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय रेल्वेने जवळचे आहे. पैशाअभावी तपासणी टाळणाऱ्या कुटुंबास ही माहिती वेळेवर मिळणे आवश्यक आहे.

यंत्राचा गैरवापर आणि कायदा

ज्या यंत्राने मातांचे प्राण वाचतात, त्याच यंत्राचा उपयोग मुलगी नको म्हणून तिचा जन्मच नाकारण्यासाठी झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने क्लेशदायक वस्तुस्थिती आहे. प्रथम गर्भजल परीक्षेचा आणि नंतर सोनोग्राफीचा असा दुरुपयोग वाढला. मुंबईतील महिला संघटना व आरोग्य कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापराचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर संसदेने १९९४ साली केंद्रीय कायदा संमत केला. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. २००३ साली त्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली आणि सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीवर व नोंदणीवर कडक बंधने आली.

एवढे होऊनही जनगणनेचे आकडे बोलके आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ होती. निसर्गतः मुलींचा जन्म मुलांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो, हे खरे. परंतु वीस वर्षांतील ही घसरण निसर्गाची नाही.

या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आवश्यक असते. गर्भलिंग सांगितले जात नाही, अशा आशयाचा फलक स्थानिक भाषेतही लावावा लागतो. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचे कारण ‘एफ’ नमुन्यात नोंदवावे लागते. त्यात लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे गर्भवतीचे, आणि ते सांगितलेले नाही असे डॉक्टरांचे प्रतिज्ञापन असते. दवाखान्यात नाव, पत्ता आणि अपत्यांची संख्या विचारली जाते ती या नमुन्यासाठी. ती चौकशी अनाठायी नव्हे. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. डॉक्टरास पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड, तर लिंगनिदानाची मागणी करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या स्त्रीवर सक्ती झाली, तिला मात्र कायदा अपराधी मानत नाही. तिला पती वा नातलगांनीच भाग पाडले, असे तो प्रथमतः गृहीत धरतो.

तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे करावयाची असते. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि महानगरपालिका क्षेत्रात वैद्यकीय आरोग्य अधिकारी यांच्याकडे ही जबाबदारी असते. प्राधिकाऱ्यास १५ दिवसांची सूचना देऊन सामान्य नागरिकासही न्यायालयात जाता येते.

कार्यकर्त्यांचे काम

आठवीच्या वर्गात ध्वनीचा पाठ शिकवताना शिक्षकांना प्रतिध्वनीच्या गणितास सोनोग्राफीचे उदाहरण सहज जोडता येईल. गावच्या सभेत सदस्यांना जन्मनोंदणीतील मुलामुलींची संख्या दरवर्षी वाचून दाखवता येईल. आशा कार्यकर्तीला घरोघरी जाऊन पहिली तपासणी वेळेवर झाली काय, अहवाल जपून ठेवला काय, एवढे दोन प्रश्न विचारता येतील. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही.

रुळातील भेग वेळीच सापडली तर पुढचा अपघात टळतो. गर्भवतीच्या अहवालातील खाली आलेली वार किंवा बाळाची खुंटलेली वाढ वेळीच समजली, तर दोन जीव वाचतात. त्यासाठीच हे यंत्र आहे. खरवईसारख्या वस्तीतून तपासणीला निघालेल्या स्त्रीला यंत्राची भीती नसावी, अहवालाचा अर्थ सांगणारे कोणी तरी शेजारी असावे आणि पोटात मुलगा आहे की मुलगी हा प्रश्न तिच्यामागे दवाखान्यापर्यंत जाऊ नये, एवढे घडवून आणणे ज्यांच्या हाती आहे, ते शिक्षक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी गावोगावी आहेत.